अव्वाला बसवलं तो दिवस

अव्वा, माझी आई, उजाडता उजाडता गेली. थोड्या वेळानं खोलीतल्या बायका रडता रडता माझ्याकडं बघायला लागल्या. त्या काय विचारतायत ते मला आधी कळलंच नाही. मग दोड्डव्वा माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बसवायचं का नाही, सांग. अंग अजून मऊ आहे. नंतर जमणार नाही."

आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. आम्ही त्याला समाधी देणं म्हणतो. पण हे शरीर ताठ व्हायच्या आत करावं लागतं. एकदा ते आडवं ताठलं की काही इलाज नसतो.

दोड्डव्वा म्हणजे मोठी आई. नात्यानं ती आमची कुणी नाही. अव्वाबरोबर भाकरी करणाऱ्या बायकांमध्ये ती वयानं सगळ्यात मोठी, म्हणून सगळे तिला तसं म्हणतात. ती मला विचारत होती, कारण विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं. अप्पा मी लहान असतानाच गेले. मला भाऊ नाही, बहीण नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नसल्यामुळं वस्तीतल्या लोकांना वाटायचं, हिला सगळं ठरवता येत असेल.

पण मामाचा फोन येऊन गेला होता.

"मी निघालोय," तो म्हणाला होता. "ॲम्ब्युलन्स घेऊन येतोय. तिला झोपवून गावाला आणायची. बसवायचं ते आपल्या मातीत आपण बसवू. मी यायच्या आत कुणी हात लावायचा नाही."

"मामा, तुम्हाला यायला दुपार उलटेल."

"उलटू दे की. साडी माझ्याकडं आहे, एवढं लक्षात ठेव."

बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची असते. माहेरचं माणूस ती घेऊन आल्याशिवाय तिला घराबाहेर काढत नाहीत. अव्वाच्या माहेरी आता एकटा मामाच होता. तो साडी देईल तेव्हा अव्वा निघणार, आणि तो म्हणेल तिकडं निघणार, असाच त्याच्या बोलण्याचा अर्थ होता.

अव्वाला कुठं ठेवायचं, एवढाच तो प्रश्न होता. पण पनवेलजवळच्या कोनमधल्या, तळोज्यातल्या आमच्या सगळ्या लोकांचं त्यात काहीतरी अडकलेलं होतं. ते का, हे सांगायचं तर मला अप्पांपासून सुरुवात करावी लागेल.

अव्वा आणि अप्पा कर्नाटकातून आले, भीमेच्या पलीकडच्या एका खेड्यातून. अप्पा तळोज्याला एका कारखान्याच्या बांधकामावर होते आणि तिथंच वरून पडले. तेव्हा आमच्या लोकांना इथं समाधी द्यायला जागा नव्हती. सगळे आपापलं माणूस गावाला न्यायचे. अव्वानं अप्पांना टेंपोतून नेलं. भर मे महिना होता. अप्पांना बसवलेलं होतं, म्हणून टेंपोच्या गजांना तिच्याच साडीनं बांधलं होतं. सोलापूरच्या अलीकडं टायर फुटला. समोर ढाबा होता, पण ढाबेवाल्यानं गाडी सावलीत लावू दिली नाही. पाणीही दिलं नाही. अव्वा मला सांगायची, "तुझ्या अप्पाच्या तोंडावर मी पदर धरून उभी राहिले. ऊन लागत होतं त्याला." अप्पांना ऊन कसं लागेल, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

त्यानंतर ती मला घेऊन कोनला परत आली. समाधी तिकडं राहिली. अमावास्येला तिथं पाणी घालायला तिला कधीच जाता आलं नाही.

इथं तिनं ज्वारीच्या कडक भाकरी करायला सुरुवात केली. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. शेंगांच्या चटणीबरोबर त्या कारखान्यातल्या शिफ्टवाल्यांना बऱ्या पडायच्या. मग खांदा कॉलनीतल्या दुकानांतून मागणी आली आणि तिच्याबरोबर बायका वाढत गेल्या. तिकडून नवीन आलेलं कुटुंब आधी आमच्या दारात यायचं. खोली बघून देणं, मुलांना शाळेत घालणं, दवाखान्यात नेणं, नवरा मारत असेल तर त्याच्या दारात जाऊन बसणं, हे सगळं तिच्याकडं कसं आलं ते मला माहीत नाही. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिच्याहून मोठेसुद्धा.

आणि समाधीच्या जागेसाठी ती बायकांना घेऊन सरकारी ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. माझ्या शाळेची बरीच वर्षं तिच्या त्या फेऱ्यांत गेली. एकदा मी बरोबर होते. एक साहेब वैतागून म्हणाले, "बाई, सारखं सारखं काय येता?" अव्वा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "साहेब, जिवंत माणसाला खोली भाड्यानं मिळती. मेलेल्याला कुणी देत नाही. तेवढं बघा की." साहेबांना हसू आलं. पण जागा मिळायला त्यानंतरही बराच काळ गेला.

शेवटी पनवेलच्या खाडीच्या बाजूला, स्मशानाला लागून एक पट्टा मिळाला. बायकांनी तारेचं कुंपण घातलं, बेलाचं रोप लावलं. त्या दिवशी अव्वा पट्ट्याच्या मध्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "इथं पहिला नंबर माझा. रांगेत कुणी घुसायचं नाही." सगळे हसले. मीही हसले.

पण रांगच लागली नाही. त्यानंतर आमच्यातली काही माणसं गेली. प्रत्येक घरानं आपलं माणूस गावालाच नेलं. "या वेळी राहू दे अक्का, आईची इच्छा होती," "पुढच्या वेळी बघू," असं म्हणायचे. परक्या जागेत आपलं माणूस पहिलं एकटं ठेवायला कुणाचा जीव होईना. पट्ट्यात कुणी राडारोडा टाकायला लागलं. कुणाचा तरी टेंपो उभा राहायला लागला. वापर नसेल तर जागा परत घेऊ, असं ऑफिसातून तोंडी सांगून झालं होतं. अव्वाला नेलं असतं, तर तिथं पुढं कुणाला ठेवलं गेलं नसतं. हे त्या खोलीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्यांना माहीत नव्हती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत अव्वा मला म्हणाली होती, "मला एकदा गावाला ने. भीमेत पाय घालून बसायचंय." मी म्हटलं, बरी हो, जाऊ. दुसऱ्या दिवशी ग्लानीत ती म्हणाली, "अण्णा येईल मला न्यायला." तिचा अण्णा म्हणजे मामा. मग तिची खरी इच्छा कुठली? चारचौघांत हसत सांगितलेली, की तापात माझ्याजवळ बोललेली? मी तिचा हात हातात घेऊन हाच विचार करत होते. हात गार पडत चालला होता.

"अगं, सांग की," दोड्डव्वा म्हणाली.

"बसवा," मी म्हटलं.

यात धाडस वगैरे काही नव्हतं. गावात काय, इथं काय, तिला बसवायचंच आहे, आणि आडवी ताठली तर कुठंच बसवता येणार नाही, असा मी विचार केला. निदान स्वतःला तसं सांगितलं. मामा ॲम्ब्युलन्स घेऊन येतोय, हे माझ्या मनात होतंच.

बायकांनी अव्वाला आंघोळ घातली. चौघींनी मिळून तिची मांडी घातली, पाठ भिंतीला लावली, पदराच्या पट्टीनं हनुवटी बांधली. डाव्या तळव्यावर तिच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. आमचे विधी करणारे स्वामी तळोज्याला केमिकल कंपनीत कामाला आहेत. ते पहिली शिफ्ट अर्धी टाकून कंपनीच्या निळ्या शर्टातच आले. दारात हातपाय धुतले, वर शाल घेतली आणि विभूती लावायला बसले.

मग पुरुष माणसं जमायला लागली, आणि बाहेर आवाज वाढला. त्यात बोलणारा मुख्य म्हणजे आमच्यातला एक मुकादम, जो बांधकामावर माणसं पुरवतो.

"पोरीनं घाई केली," तो म्हणाला. "भाऊ यायच्या आत बसवायची काय गरज होती? अक्का म्हणजे केवढी बाई. तिला काय खाडीच्या चिखलात ठेवायची?"

दोड्डव्वा दारातूनच म्हणाली, "तू तुझ्या आईला गावाला नेलीस. नंतर किती वेळा पाणी घालायला गेलास रे?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तिथली माती गोड आहे व्हय?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मुकादम माझ्याकडं वळला. "तू शिकलेली आहेस. मामाला काय सांगणार आहेस?" मी आत जाऊन अव्वाशेजारी बसले.

खड्डा खणायचा की नाही, यावरही वाद झाला. शेवटी दोड्डव्वा म्हणाली, "खणून ठेवू. लागला तर लागला." चार जण फावडी घेऊन गेले. उन्हं चढली तेव्हा त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. "ताई, पाणी लागलं."

त्यांनी गावच्या मापानं खणलं होतं, उभ्या माणसाच्या छातीइतकं खोल. तिकडं काळी माती असते, खाली जाल तशी कोरडी. इथं खाडी जवळ, आणि अमावास्येचं उधाण. कमरेपर्यंत खणल्यावर माती ओली झाली, तरी ते थांबले नाहीत, कारण माप पुरं व्हायचं होतं. आता तळाशी पाणी साठत होतं. आणि मुकादमाच्या माणसानं त्याचा मोबाईलवर फोटो काढला होता.

मी उठले. तेवढ्यात आमची घरमालकीण दारात आली. ती कोनचीच, आगरी. अव्वाचं आणि तिचं रोज वाजायचं. "तुज्या भाकरीच्या थापट्यांनी सकाळची झोप नाय लागत," असं ती म्हणायची, आणि अव्वा म्हणायची, "मग उठून थापायला ये की." त्या दिवशी ती पहिल्यांदाच आमच्या खोलीत आली. अव्वासमोर उभी राहिली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "चल गो पोरी. रिक्षा उभी हाय. मना बघू दे तुमी काय करून ठेवलाव."

तिचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं एकदा पाण्याकडं आणि एकदा खाडीकडं बघितलं.

"अरे, खाली कशाला खनला? भरतीचा पानी अजून चढनार हाय. वर सरका, त्या बांधाकडं. तिकडं मुरूम हाय. आनि एवढा खोल नको."

"मावशी, आमच्यात एवढंच खोल लागतं," खणणारा म्हणाला.

"तुमच्यात बुडवतान काय रं मानसाला?"

तो फावडं उचलून बांधाकडं गेला. मावशी जाता जाता म्हणाली, "मीठ लागतो ना तुमच्यात, समाधीला? मना तुजी आई बोलली व्हती एकदा. मी भावाला फोन केलाय. तो गोनी घेऊन येतोय. बाजारातला नको आनू."

परत कोनला आले, तर दारात ॲम्ब्युलन्स उभी होती.

मामा खोलीत अव्वासमोर उभा होता. प्रवासानं चेहरा काळवंडलेला, हातात साडीची पिशवी, पिशवी छातीशी धरलेली. अव्वाजवळ भजनं म्हणणाऱ्या बायका थांबल्या होत्या. मुकादम त्याला मोबाईल दाखवत होता.

मामा माझ्याकडं वळला. "ह्या पाण्यात बसवणार होतीस माझ्या तंगीला?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. तो तिला नावानं कधी हाक मारायचाच नाही.

"तो खड्डा बुजवतायत मामा. वरच्या बाजूला दुसरा खणतायत. तिथं कोरडं आहे."

"आणि मी नको म्हटलं असताना बसवलीस."

"हो."

"कुणाला विचारून?"

दोड्डव्वा बोलायला उठली, तिला मीच हातानं थांबवलं.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दारातून डोकावत होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, माझ्याकडं स्ट्रेचर आहे. बसलेलं असं कसं न्यायचं? स्ट्रेचरवर बसत नाही ते."

"टेंपो सांगतो ना मी," मुकादम लगेच म्हणाला. "पाच मिनिटांत येईल. नीट बांधून घेऊ, काही होत नाही."

मामाचा चेहरा बदलला. अप्पांना टेंपोतून गावात आणलं, तेव्हा गजांना बांधलेली साडी सोडणारा मामाच होता. हे मला अव्वानं सांगितलं होतं. गाठी घट्ट बसल्या होत्या, शेवटी दातांनी सोडाव्या लागल्या होत्या.

"टेंपो नको," मामा म्हणाला.

मग तो खाली बसला, अव्वाच्या समोर, तिच्यासारखीच मांडी घालून. बाहेर ॲम्ब्युलन्सचं इंजिन चालू होतं, ते कुणीतरी बंद करायला सांगितलं. उन्हं उतरायला लागली होती, आणि आमच्यात दिवस मावळायच्या आत सगळं व्हावं लागतं. कुणी त्याला घाई करायला धजत नव्हतं.

"शेवटी काय म्हणाली ती?" त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं.

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. खाडीकाठचं म्हणाली, एवढंच मी सांगितलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो तिचा भाऊ होता.

"जागा मिळाली त्या दिवशी म्हणाली होती, इथं पहिला नंबर माझा. सगळ्यांसमोर," मी म्हटलं. "पण दवाखान्यात म्हणाली, मला एकदा गावाला ने. भीमेत पाय घालायचेत. आणि एकदा म्हणाली, अण्णा येईल मला न्यायला."

दोड्डव्वानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं असणार, सगळं संपलं. मलाही तसंच वाटलं.

मामानं पुढं वाकून अव्वाच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती मांडी आता हलणार नव्हती, हे त्याला हाताला कळलं असावं. मग तो कन्नडमध्ये तिला म्हणाला, "आलो बघ गं तंगी न्यायला."

त्यानं पिशवी उघडली. हिरवी इरकल साडी होती. ती दोड्डव्वाच्या हातात देऊन तो उठला आणि मुकादमाला म्हणाला, "तिला न्यायची खुर्ची सजवा. खाडीपर्यंत मी पुढून धरणार." आणि मला म्हणाला, "पाणी दिसलं तर मी तिला परत उचलीन. सांगून ठेवतो."

रिकामी ॲम्ब्युलन्स कोनलाच थांबली. केळीचे खुंट बांधलेल्या खुर्चीत अव्वाला गल्लीतून बाहेर आणलं. पुढून मामानं धरलं होतं. मोठ्या रस्त्यावर भाकरीचा माल नेणारी आमची छोटी गाडी उभी होती. त्यात खुर्ची ठेवली आणि मामा खुर्चीला पाठ लावून बसला. बांधायला त्यानं कुणाला दोर आणू दिला नाही. सगळा रस्ता दोन्ही हात मागं घेऊन त्यानं खुर्चीचे पाय धरून ठेवले होते.

बांधाजवळचा खड्डा तयार होता, आत माणसाला बसवायच्या कोनाड्यासकट. खालचा खड्डा अजून पुरता बुजला नव्हता, आणि त्यातलं पाणी खरंच चढलं होतं, दुपारी बघितलं त्याच्या दुप्पट. मामा चप्पल काढून स्वतः नव्या खड्ड्यात उतरला. तळाला तळवा लावला, कोनाड्याच्या कोपऱ्यात बोटं घातली, बोटं नाकाशी नेली. वर आम्ही सगळे वाकून बघत होतो.

"कोरडं आहे," तो म्हणाला.

मावशीच्या भावानं मिठाच्या गोण्या आणल्या होत्या. जाडं, करड्या रंगाचं मीठ. मावशी गोणी सोडता सोडता मामाला म्हणाली, "माज्या माहेरचा हाय. चांगला हाय." मामानं मान हलवली. पहिली ओंजळ त्यानं टाकली, दुसरी मी. स्वामींनी मंत्र म्हटले. सूर्य खाडीवर टेकला तेव्हा शेवटची माती पडली.

मामानं आमच्या घरी पाणी घेतलं नाही. तसाच ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. मी बरोबर केलं का, ते मला अजून सांगता येत नाही. भीमेचं पाणी आठवलं की काहीतरी टोचतं. अव्वाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला विचारलं असतं, तर ती हसून तिसरंच काही म्हणाली असती.

महिना होत आला, तोवर मामाचा फोन नव्हता. मीही केला नाही. मधल्या काळात मुकादमाचे सासरे वारले. दोड्डव्वा त्याच्या दारात जाऊन बसली. काय बोलली ते मला माहीत नाही, पण त्यांना खाडीकाठी नेलं, अव्वाच्या डाव्या हाताला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून निघाले होते, तेव्हा फोन वाजला. मागं एसटीचा आवाज होता, कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता.

"ऐक," मामा म्हणाला. "भीमेचं पाणी घेतलंय कळशीभर. कळंबोलीला उतरू का पनवेल स्टँडला?"

"कळंबोलीला उतरा, मामा," मी म्हटलं. "मी येते."